मूल हवं आहे आणि व्हिटॅमिन डी कमी आलंय? मग असं करा

वंध्यत्व उपचार केंद्रात परिचारिका म्हणून काम करताना रोज फायली हाताखालून जातात. कितीतरी फायलींत एका आकड्याभोवती पेनाने गोल केलेला असतो, आणि तो डॉक्टरांनी नव्हे, त्या बाईनेच केलेला असतो. प्रश्नही ठरलेला: "सिस्टर, डी कमी आहे म्हणूनच दिवस राहत नाहीत का?"

एकट्या त्याच्यामुळे असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. अंडाशय आणि गर्भाशयाचं अस्तर या दोन्ही ठिकाणी व्हिटॅमिन डीचे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. त्यामुळे संबंध असू शकतो. ज्यांचं डी पुरेसं आहे त्यांना उपचारात यश थोडं जास्त मिळतं, असं अनेक निरीक्षणांत दिसलंय. पण इटलीत सनड्रो नावाची चाचणी झाली, तिचे निकाल २०२१ मध्ये आले. आयव्हीएफला (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराला) बसणाऱ्या, डी ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असलेल्या ६३० बायकांपैकी साधारण निम्म्यांना एकदम ६ लाख आययूचा (आययू हे व्हिटॅमिन मोजायचं एकक) डोस दिला, बाकीच्यांना औषध नसलेलं द्रव. रक्तातलं डी वाढलं, पण गर्भधारणेचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. म्हणून माझं म्हणणं असं, की कमतरता भरून काढा, डी तुमच्या हाडांसाठी आणि पुढच्या गरोदरपणासाठीही हवंच. पण त्या कमतरतेसाठी बाकीचा तपास अडवून ठेवू नका.

तपासणी करताना नाव नीट बघा: २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची वेगळी तपासणी असते. कमतरता असतानाही तिचा आकडा छान दिसू शकतो, तेव्हा ती या कामाची नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे डी खोटंच जास्त दिसतं, थायरॉइडचे आकडेही बिघडतात.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक वाचा, आकडा नंतर. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये २०च्या खाली म्हणजे कमतरता. २० ते ३० बद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. बहुतेकांना २० पुरतं असं काही मानतात, काहींना ३० हवं असतं. नॅनोमोल प्रति लिटर लिहिलं असेल तर आकड्याला अडीचने भागा. म्हणजे तिथले ५० हे इथले २०च.

आता गोळी. कमतरता नसेल तर प्रौढ बाईला रोज ६०० आययू पुरतात, गरोदरपणातही तेवढेच. डब्यावर मायक्रोग्रॅम असतील तर ४०ने गुणा. स्वतःच्या मनाने रोज ४,००० आययूच्या वर जायचं नाही. कमतरता असेल तर डॉक्टर काही आठवडे मोठा डोस देतात आणि तो बऱ्याचदा आठवड्यातून एकदाच घ्यायचा असतो. इथे कृपा करून लक्ष द्या. आठवड्याची गोळी रोज घेतली जाते, हे मी पाहिलेलं आहे. डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे सहज निघून जात नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं: सतत तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, पुढे मूतखडा. वार ठरवा, मोबाइलवर गजर लावा, कॅलेंडरवर खूण करा. गोळी जेवणासोबत घ्या, ताटात थोडं तेल-तूप असेल तर ती चांगली शोषली जाते. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमच्या गोळ्या यांतही डी असतं, तेही बेरजेत धरा.

वजन जास्त असेल तर डोस बहुधा जास्त लागतो. पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) असलेल्या बायकांत हे वारंवार दिसतं. फिट्सची काही औषधं, स्टेरॉइड, क्षयाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगाच. मूतखडा होऊन गेला असेल तरीही.

कॉड लिव्हर ऑइल मात्र मूल होऊ देत असताना नको. त्यात डीबरोबर तयार व्हिटॅमिन ए असतं आणि ते जास्त झालं तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.

उन्हाबद्दल थोडक्यात: खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, डी तयार करणारे यूव्हीबी किरण काचेतच अडतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन उपयोगाचं. हात-पाय उघडे ठेवा, कातडी लाल व्हायच्या आत सावलीत या. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. आहारात तेलकट मासे, अंड्याचा बलक, डी घातलेलं दूध असू द्या, पण मोठी कमतरता नुसत्या आहाराने भरून निघणं अवघड.

पुन्हा तपासणी साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी केलीत तर आकडा अजून वर चढत असतो आणि उगाच जीव टांगणीला लागतो.

या तीन महिन्यांत थांबायचं नाही, प्रयत्न चालू ठेवायचे. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम आजच सुरू करा. दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून ते हवं, आणि बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्याचा फायदा पक्का सिद्ध झालेला आहे. वय ३५च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, ३५ नंतर सहा महिन्यांनी आणि चाळिशीत लगेच डॉक्टर गाठा. पाळी अनियमित असेल तर वयाचा हिशोब न करता आधीच जा. पहिल्याच भेटीला नवऱ्याला सोबत न्या आणि त्याची वीर्यतपासणी तेव्हाच करून घ्या. अडचण कितीदा तरी पुरुषाच्या बाजूला असते, आणि तोवर बाईच्या फायलीत मात्र रिपोर्टवर रिपोर्ट साचलेले असतात.