खाणीनंतरच्या जमिनीवर स्थानिक झाडे: नवख्यांसाठी थोडे अनुभवाचे

खाणकाम संपलेल्या जमिनीवर स्थानिक वनस्पती पुन्हा उभ्या करण्याच्या कामात येणारे बहुतेक जण वनस्पतिशास्त्र किंवा मृदाशास्त्र शिकूनच येतात, त्यामुळे पीएच, पायराइटपासून होणारे आम्ल, प्रजातींची निवड हे विषय मी येथे उगाळत नाही. लिहायचे आहे ते दबलेल्या मातीबद्दल, कारण माझी उमेदीची वर्षे तिनेच खाल्ली.

भराव टाकून झाला की त्यावरून डोझर पुन्हा पुन्हा फिरवून उतार गुळगुळीत करतात. जमीन सुबक दिसते, पाहणीला आलेले समाधानाने परततात, पेरलेले गवत झपाट्याने वाढते आणि झाडे मात्र वर्षानुवर्षे गुडघ्याच्या वर जात नाहीत. मग आधी खताला, नंतर पाण्याला आणि शेवटी रोपवाटिकेला दोष दिला जातो. असे खुरटलेले रोप उपटू नका, त्याच्या बाजूने खोदून पाहा. मुळे खड्ड्याच्या भिंतीपर्यंत जाऊन कुंडीतल्यासारखी गोल फिरलेली असतात आणि भिंतीवर कुदळीचे घाव अजून स्पष्ट दिसत असतात. मातीची स्थूल घनता (पोकळ्यांसह मोजलेल्या मातीचे दर घनफळाला वजन) वालुकामय जमिनीत घनसेंटिमीटरला सुमारे १.८ ग्रॅमच्या, तर चिकणमातीत १.५ च्या आसपास गेली की मुळांची वाट बंद होते. त्यानंतर कितीही खत घातले तरी ते गवताच्याच पोटात जाते.

अमेरिकेत १९७७ च्या खाण-पुनर्स्थापन कायद्यानंतर उतार स्थिर ठेवण्याच्या आग्रहापायी अ‍ॅपलाचियन कोळसापट्ट्यात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तेथे पुढे रूढ झालेल्या पद्धतीत वरचा किमान १.२ मीटर भराव सैल ठेवतात आणि गवत मुद्दाम विरळ, कमी वाढणारे पेरतात. जमीन आधीच दबलेली असेल तर समतल रेषेवर (उताराला आडवे, एकाच उंचीवरून) खोल रिपिंग, म्हणजे ट्रॅक्टर-डोझरमागच्या रिपर या लोखंडी दाताने जमीन खोलवर फोडणे, करावे लागते, तेही माती कोरडी असताना; ओल्या मातीत रिपरचा दात नुसती चीर पाडतो, ढेकळे फुटत नाहीत आणि डिझेल वाया जाते.

बिया, खत आणि आच्छादनाची लापशी फवारून महिन्याभरात डोंगर हिरवा करून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मार्गदर्शक शोधायचाच असेल तर तो डोझरच्या केबिनमध्ये शोधा, कारण शेवटची फेरी मारायची की नाही हे तेथेच ठरते आणि चालकाला कारण समजावून सांगितले तर तो आनंदाने ऐकतो. मूळ जंगलाची वरची माती मिळत असेल तर तिचा ढीग साठवू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जारा (निलगिरीच्या जातीचे झाड) जंगलाच्या बॉक्साइट खाणींत ती शक्यतो खरवडल्या खरवडल्या दुसऱ्या जागी पसरतात, कारण बहुतेक बिया वरच्या काही सेंटिमीटरमध्येच असतात आणि ढिगात त्यांची उगवण घटते.

हे वाचून धीर सोडण्याचे कारण नाही. सैल, खडबडीत सोडलेल्या भरावावर वारा आणि पक्षी यांनी आणलेली, आपण न लावलेली रोपेही मूळ धरतात. नव्या जागेवर पहिल्या दिवशी मात्र रोपांची यादी मागण्याआधी पहार मागा आणि ती निदान दहा-वीस ठिकाणी ठोकून पाहा. वीतभर आत जाऊन जेथे ती अडते, तेथे रोपांची मागणी थांबवून आधी रिपरची मागणी नोंदवा.