"बाई, आता काय करू?" : शिक्षकांसोबत काम करायला नवीन असाल तर

चौथीचा गणिताचा तास होता, बाईंनी एका दमात सांगितलं वह्या काढा, तारीख टाका, पान ४२ उघडा, तिसरं आणि पाचवं उदाहरण सोडवा, झालं की शेजारच्याची वही तपासा. मागच्या ओळीतल्या एका मुलाने वही काढली, तारीख वळणदार अक्षरात टाकली आणि उठून बाईंकडे, "बाई, आता काय करू?" "आत्ताच सांगितलं ना, लक्ष कुठे असतं तुझं!" मी मागे बसून वहीत रेघा मारत होते, ३५ मिनिटांत हाच प्रश्न १९ वेळा.

साधनव्यक्ती म्हणून, म्हणजे शाळांत जाऊन शिक्षकांना मदत करायला, किंवा एखाद्या संस्थेतून तुम्ही या कामाला लागला असाल तर आधी असं मागे बसा. मी सुरुवातीला ते केलं नाही. शिक्षकांच्या पहिल्याच शिक्षण परिषदेत एक्झिक्युटिव्ह फंक्शनवर, म्हणजे आपलं आपण काम पार पाडायला लागणाऱ्या मेंदूच्या क्षमतांवर, दीड तास पीपीटी दाखवली, वर्किंग मेमरी म्हणजे काम करताना गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, स्वतःला आवरणं, एक पद्धत जमली नाही तर दुसरी धरणं, सगळं सांगितलं, सगळ्यांनी स्लाइडचे फोटो काढले आणि वर्गात काहीच बदललं नाही.

त्या मुलाचं लक्ष होतं हो. मोठ्या माणसाच्या डोक्यातही एका वेळी साधारण चारच गोष्टी राहतात असं मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलंय, लहान मुलांच्या त्याहून कमी, आणि इथे एका दमात पाच-सहा सूचना.

मग बाईंनी आणि मी एकच गोष्ट ठरवली. सूचना फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात नंबर टाकून लिहायच्या आणि कोणी विचारलं की फक्त "कितव्यावर आहेस?" एवढंच म्हणायचं. पहिला आठवडा फार जड गेला, बाई म्हणाल्या असं केलं तर पोर्शन कधी संपवू मी? त्यांचं बरोबरच होतं, शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी एकाच खोलीत. पण म्हणूनच तर याची गरज जास्त, बाई तिसरीला शिकवताना चौथीला आपलं आपण काम करता यायलाच हवं ना. शेवटी फक्त गणिताच्या तासाला करायचं ठरलं.

परिपाठानंतर "शिवाजी म्हणतो" खेळ पण घ्यायचो, मुलं छान थांबायला शिकतात, पण खेळातलं थांबणं आपोआप गणितात येत नाही, तिथे वेगळं शिकवावंच लागतं.

आणि नवीन लोकांकडून जे हमखास राहतं ते म्हणजे आधार काढणं. घर बांधताना परांची लावतात ती नंतर उतरवतात, तसंच. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी शेवटची सूचना पुसली आणि विचारलं, इथे काय असेल? मग हळूहळू मुलंच सांगायला लागली आणि बाई लिहायच्या. माझ्या भेटीही मी तशाच कमी केल्या, आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, नाहीतर बाई माझ्यावर अवलंबून राहतात.

दिवाळीनंतर गेले तेव्हा कोपरा कोरा होता. तोच मुलगा अर्धवट उठला, फळ्याकडे बघितलं, परत बसला आणि वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे पेन्सिलने लिहिलेलं होतं, तारीख, पान, उदाहरण, तपास. तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि सोडवायला लागला.