हाताने केलेल्या कलाकृतीचं वर्णन एआयकडून लिहून घेताय? या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी लिंक पाठवतं, "ताई, चित्र चांगलं झालंय, पण कुणी विचारत नाही. बघा जरा." चित्र खरंच चांगलं असतं. खाली लिहिलेलं असतं, 'ही मनमोहक कलाकृती तुमच्या घराला अभिजाततेचा स्पर्श देईल.' हेच वाक्य मी वारली ट्रेखाली, शाडूच्या गणपतीखाली आणि रेझिनच्या घड्याळाखालीही वाचलंय.

फोटो टाकून 'वर्णन लिही' म्हणणं

सगळ्यात जास्त नुकसान या घाईने होतं, आणि ते मी स्वतः भोगलंय. मागच्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या रंकाळा तलावातल्या संध्यामठाचं, म्हणजे पाण्यातल्या जुन्या दगडी मंडपाचं, एक जलरंगातलं चित्र विकायला ठेवलं. घाईत होते. फोटो दिला, वर्णन मागितलं, आलं ते न वाचता चिकटवलं. त्यात संध्यामठाचा राजवाडा झाला होता. पुढे 'नैसर्गिक रंगांत, कॅनव्हासवर, फ्रेमसह, भिंतीवर लावण्यास तयार'. पुण्याच्या एका बाईंनी वाढदिवसाची भेट म्हणून घेतलं. त्यांच्या हातात नळीत गुंडाळलेला कागद पडला. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "तुम्ही फ्रेम लिहिली होती." पैसे परत केले, दोन्ही वेळचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं, आणि चित्र कोपरा दुमडून परत आलं.

एआयला तुमच्या चित्राची जेवढी माहिती द्याल तेवढीच असते. उरलेल्या जागी अशा वर्णनांत नेहमी जे येतं ते तो भरतो. चित्र म्हटलं की कॅनव्हास, हस्तकला म्हटलं की नैसर्गिक रंग आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा.

आता माझी सवय अशी: चित्र टेबलावर ठेवते, मापाची टेप घेते आणि प्रदर्शनात समोर उभ्या माणसाला सांगावं तसं फोनवर बोलून रेकॉर्ड करते. माप, कागद, रंग, कुठे बसून काढलं, काय जमायला वेळ लागला. ते बोलणं लिहून एआयला देते आणि वर एक सूचना: यात नाही ते लिहू नकोस, काही कमी वाटलं तर मला विचार. तो विचारतो. 'फ्रेम आहे का?' हा प्रश्न त्या दिवशी त्याने विचारला असता तर बरं झालं असतं, पण तशी सूचना मीच दिली नव्हती.

तेच चित्र नंतर असं लिहून ठेवलं: 'रंकाळ्यातला संध्यामठ, पावसाआधीची संध्याकाळ. जलरंग, ३०० जीएसएम कॉटन कागद, ११ × १५ इंच, फ्रेमशिवाय. डाव्या खालच्या कोपऱ्यात १ सेंटिमीटरची घडी आहे, माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते.' दहा दिवसांत गेलं.

'छोटासा प्रयत्न', 'अजून शिकतेय', 'सांभाळून घ्या'

हे प्रामाणिकपणाचं लक्षण आहे असं आपल्याकडे शिकवतात, म्हणून सोडवत नाही. पण घेणारा पैसे देतोय, त्याला तुमच्या शंका कशाला? मग काही जण एआयला 'आत्मविश्वासाने लिही' सांगतात आणि तो 'जागतिक दर्जाची अद्वितीय कलाकृती' लिहितो. दोन्ही काढा. कागदाचं वजन आणि रंगाचं नाव ठामपणे सांगता येतं, तेवढा ठामपणा पुरतो.

न पेलणारी वचनं

'रंग कधीच उडणार नाहीत' हे वाक्य एआय फार सहज देतो. अस्सल अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग वापरला असेल तर तो उजेडाने फिका पडतोच. ट्यूबवरचं टिकाऊपणाचं रेटिंग वाचा आणि लिहा: काचेच्या फ्रेममध्ये, माउंट घालून, थेट उन्हापासून दूर लावा.

मोठी नावं उसनी घेणं

'आबालाल रहिमान यांच्या परंपरेतलं' असं कोल्हापूरच्या प्रत्येक निसर्गचित्राखाली येऊ लागलंय. कोल्हापूरचे हे थोर चित्रकार १९३१ मध्ये गेले. इथली निसर्गचित्रं त्यांनी आयुष्यभर काढली. तुम्ही रविवारी पंचगंगेच्या घाटावर बसून काढलंत, तर तेच लिहा. तसंच रेक्झिनच्या शोभेच्या चपलांवर 'अस्सल कोल्हापुरी' नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि ती चामड्याची असते.

बाकीच्या

माप फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, ते लिहा. 'क्वार्टर शीट' गिऱ्हाइकाला कळत नाही, इंच सांगा.

प्रिंट असेल तर पहिल्याच ओळीत 'प्रिंट' म्हणा.

दहा चित्रांना एकच वर्णन नको. मला ते पाहून वाईट वाटतं, कारण चित्रं दहा वेगवेगळ्या दिवशी काढलेली असतात.

इंग्रजीत लिहून मग मराठी करून घेऊ नका. आधी मराठीत बोला. आलेला मजकूर घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. माझी आई 'मोहक' शब्दापाशी हात वर करते, मी तो तिथेच खोडते.