शटआउटचा सामना स्कोअरकार्डावर कसा उतरवायचा

बेसबॉलमध्ये एका संघाला पूर्ण सामन्यात एकही धाव मिळाली नाही की तो शटआउट. तो मांडताना त्या संघाचा धावांचा रकाना कोराच राहतो, म्हणून काम सोपं वाटतं. खरं तर अशाच सामन्यात चुका जास्त होतात, कारण सगळं नाट्य बेसवर अडकून राहिलेल्या धावपटूंमध्ये असतं. नमुन्यादाखल 27 ऑक्टोबर 1991 चा, मिनियापोलिसमधला वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना घेऊ. मिनेसोटा ट्विन्सच्या जॅक मॉरिसने अटलांटा ब्रेव्ह्जला 10 इनिंग शून्यावर रोखलं आणि ट्विन्स 1-0 ने जिंकले.

आधी क्षेत्ररक्षकांचे आकडे पाठ करा: पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर (बॅटरमागचा) 2, फर्स्ट बेस 3, सेकंड 4, थर्ड 5, शॉर्टस्टॉप 6, मग लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्ड 7, 8, 9. सॉफ्टबॉलचं स्कोअरिंग केलेल्यांना हे नवं नाही. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाल्यास, रोमन के. बॅट न फिरवता बाद झाला तर तोच के आरशातल्यासारखा उलटा. प्रत्येक बॅटरच्या चौकोनातला हिरा म्हणजे चार बेस. धावपटू जिथवर पोचला तिथवरच रेघ ओढा, पुढची अंदाजाने ओढू नका. पेन्सिलच वापरा.

आता आठव्या इनिंगचा वरचा अर्धा भाग, म्हणजे पाहुण्या अटलांटाची बॅटिंग. लॉनी स्मिथचा सिंगल (एका बेसचा फटका): पहिल्या बेसपर्यंत रेघ. टेरी पेंडलटनचा डबल (दोन बेसचा फटका) डाव्या-मधल्या मैदानात जातो, पण स्मिथ सेकंडजवळ घुटमळतो आणि थर्डवरच थांबतो. डबल दिसला की हात आपोआप स्मिथला घरी, म्हणजे होम प्लेटपर्यंत नेऊन धाव मांडतो. नेमकी तीच चूक टाळायची. रॉन गँटचा चेंडू फर्स्ट बेसमन केंट हर्बेक उचलतो आणि स्वतःच बेसला पाय लावतो: नुसता 3, बाजूला वर्तुळात बादचा क्रमांक 1. डेव्हिड जस्टिसला मुद्दाम वॉक (पहिला बेस फुकट देणं): आयबीबी. मग सिड ब्रीम चेंडू हर्बेककडेच मारतो. हर्बेक तो कॅचर ब्रायन हार्परकडे फेकतो, स्मिथ होम प्लेटवर बाद. हार्परची फेक परत फर्स्टला, ब्रीमही बाद. ब्रीमच्या चौकोनात 3-2-3 आणि डीपी (डबल प्ले, एकाच चेंडूवर दोन बाद), बादचा क्रमांक 3. क्रमांक 2 मात्र स्मिथच्या चौकोनात, 3-2 सोबत. हा दुसरा बाद ब्रीमच्या खात्यात गेला की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

इनिंग संपली की तिरकी रेघ मारा आणि लगेच ताळा करा: आलेले बॅटर = धावा + बाद + बेसवर उरलेले. इथे 5 = 0 + 3 + 2. जमलं नाही तर पुढची इनिंग सुरू होण्याआधीच चूक शोधा. सामन्याच्या शेवटी ती सापडणं कठीण.

दहाव्या इनिंगच्या खालच्या अर्ध्यात, ट्विन्सच्या बॅटिंगमध्ये, डॅन ग्लॅडनचा डबल, चक नॉबलॉकचा सॅक्रिफाइस बंट (स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे सरकवणारा हलका टोला), कर्बी पकेट आणि हर्बेक यांना मुद्दाम वॉक. मग जीन लार्किनचा फटका पुढे सरकलेल्या आउटफिल्डच्या डोक्यावरून जातो. चेंडू कितीही लांब गेला तरी लिहायचा सिंगलच, कारण विजयी धावपटू ग्लॅडन थर्डवरून फक्त एक बेस पुढे गेला. ताळा: 5 = 1 + 1 + 3.

शेवटी पिचरची ओळ. मॉरिस: 10 इनिंग, 7 हिट, 0 धावा, 2 वॉक, 8 स्ट्राइकआउट. शटआउट पिचरच्या नावावर चढवण्याआधी दोन गोष्टी तपासा. पूर्ण सामना साधारणपणे त्याने एकट्याने टाकलेला हवा. दोघांनी मिळून शून्यावर रोखलं तर शटआउट संघाचा, कुणा एकाचा नाही. आणि क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे एक जरी धाव आली तरी ती पिचरच्या सरासरीत धरली जात नाही, पण शटआउट मात्र गेलाच.