लाळेतले अमायलेज घरच्या घरी कसे पडताळावे

भाकरीचा घास न गिळता दोनेक मिनिटे चघळत राहा, तो हळूहळू गोडसर लागू लागतो. लाळेतले टायलिन पिष्टमय पदार्थांचे (स्टार्चचे) माल्टोज, म्हणजे एक साखर, करते, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेले असते. टायलिन म्हणजे लाळेतले अमायलेज हे स्टार्च फोडणारे विकर (एन्झाइम), फक्त नाव जुने. पण जिभेवर भरवसा किती ठेवायचा? डोळ्यांना दिसेल असे करून पाहू: स्टार्च असेल तोवर आयोडीनने निळा रंग येतो, तो तुटला की येत नाही.

पेज करा. अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून कपभर उकळत्या पाण्यात सोडा आणि ढवळत मिनिट-दोन मिनिटे शिजवा. कच्च्या पिठाचे कण अमायलेजला सहजी दाद देत नाहीत. शिजल्यावर ते फुगतात आणि स्टार्चच्या साखळ्या मोकळ्या होतात. पेज पूर्ण गार होऊ द्या. स्टार्चमधल्या अमायलोज या घटकाची साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते, आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसते, म्हणून निळा-काळा रंग येतो. पेज गरम असेल तर रंग धरतच नाही, आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो.

आयोडीन पातळ करा. औषधाच्या दुकानातले जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीन चालते. कोऱ्या चहाच्या रंगाचे होईपर्यंत त्यात पाणी घाला. आयोडीनयुक्त मीठ मात्र उपयोगाचे नाही. त्यात असते ते आयोडेट, आणि ते आपणहून निळा रंग देत नाही.

लाळ गोळा करा. चूळ भरा, पाच मिनिटे थांबा आणि दोन चमचे लाळ वाटीत घ्या. तेवढेच पाणी मिसळा. लाळ प्रत्येकाने स्वतःचीच वापरावी.

चार वाट्या मांडा. पहिलीत दोन चमचे पाणी. दुसरीत एक चमचा लाळ, एक चमचा पाणी. तिसरीतही तेच, पण लाळ आधी छोट्या वाटीत घालून ती वाटी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवलेली आणि मग गार केलेली. चौथीत एक चमचा लाळ, एक चमचा व्हिनेगर. आता प्रत्येकीत तीन चमचे पेज घालून ढवळा आणि घड्याळ लावा.

नुसत्या पाण्याची पहिली वाटी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच. रंग लाळेमुळे गेला की पेज पातळ झाल्यामुळे, हे तिच्याशिवाय सांगता येत नाही. प्रयोगशाळेत हिलाच कंट्रोल म्हणतात.

दर मिनिटाला थेंब तपासा. गोळ्या संपलेल्या ब्लिस्टर पाकिटाचे पारदर्शक खळगे पांढऱ्या कागदावर ठेवा आणि प्रत्येकात आयोडीनचा एक थेंब टाका. मग दर मिनिटाला वाटीतला एक थेंब नव्या खळग्यात सोडा. प्रत्येक वाटीला वेगळा चमचा, नाहीतर लाळ इकडची तिकडे जाते. दुसऱ्या वाटीचे थेंब आधी निळे, मग जांभळट, तांबूस आणि शेवटी आयोडीनच्याच रंगाचे दिसतील. मधला तांबूसपणा डेक्स्ट्रिनचा, म्हणजे अर्धवट तुटलेल्या साखळ्यांचा. निळा-तांबडा रंग उमटणे ज्या क्षणी थांबते त्याला अक्रोमिक पॉइंट म्हणतात. तिथे किती वेळात पोहोचलात ते लिहून ठेवा. घरातल्या दोघांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. या अमायलेजच्या जनुकाच्या प्रतीच माणसागणिक कमी-जास्त असतात.

उरलेल्या तिन्ही वाट्या निळ्याच राहायला हव्यात. अमायलेज हे प्रथिन आहे. उकळल्यावर त्याची घडी मोडते, याला डीनेचर होणे म्हणतात, आणि गार केले तरी ते पूर्ववत काम करत नाही. आम्लातही त्याचे काम थांबते. जठरात पोहोचल्यावर लाळेचे अमायलेज पुढे फारसे चालत नाही ते त्यामुळेच. फ्रिजमधल्या गार पेजेत आणि गार लाळेत हाच प्रयोग करा: रंग उशिरा जाईल, पण जाईल. थंडीने विकर मंदावते, मोडत नाही.

व्हिनेगरऐवजी लिंबू पिळायचा मोह होईल, तो टाळा. लिंबातले क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइड करते, म्हणून स्टार्च जसाच्या तसा असूनही निळा रंग उडतो आणि अमायलेज आम्लातही जोरात चालते असा साफ चुकीचा निष्कर्ष निघतो.

जाता जाता नावाबद्दल. १८३३ मध्ये पायेन आणि पर्सोझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा केला आणि त्याला डायास्टेज म्हटले. त्याच्या शेवटच्या ‘एज’वरून विकरांची नावे ठेवायची पद्धत पुढे पडली: लॅक्टोज फोडणारे लॅक्टेज, स्निग्ध पदार्थ म्हणजे लिपिड फोडणारे लायपेज. ‘ओज’ दिसले की साखर किंवा तिच्या गोतावळ्यातले काही, ‘एज’ दिसले की विकर. पेप्सिन, ट्रिप्सिन ही जुनी मंडळी मात्र या नियमात बसत नाहीत.

काम झाले की सगळे मोरीत ओतून वाट्या साबणाने घासा. ओट्यावर किंवा बोटांवर आयोडीनचा डाग पडलाच, तर आता ते बाजूला ठेवलेले लिंबू चोळा.