लिनक्स बसलं, पण मशीन सुरूच होईना: बूटलोडर दुरुस्त कसा करावा

पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं, इन्स्टॉलरने काम झाल्याचं सांगितलं, रीस्टार्ट केलं आणि काळ्या स्क्रीनवर एकच ओळ आली: बूट करण्याजोगं डिव्हाइस सापडलं नाही. बरेच जण इथे वैतागून पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करायला घेतात. तसं करू नका. सिस्टिम बहुतेक वेळा डिस्कवर धडधाकट असते, तिच्यापर्यंत नेणारा बूटलोडर तेवढा भलत्या जागी किंवा भलत्या पद्धतीने बसलेला असतो. आणि पेनड्राइव्ह पुन्हा त्याच मोडमध्ये (जुना बायोस की नवा यूईएफआय, ते पुढे येतंच) सुरू केलात, तर तीच चूक पुन्हा होणार.

आधी पाहा, गाडी कुठे अडते

पेनड्राइव्हच सुरू होत नसेल तर बूटलोडरचा विषय अजून आलेलाच नाही. उतरवलेल्या आयएसओ फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा) जुळतो का ते बघा आणि फाइल पेनड्राइव्हवर पुन्हा लिहा. रूफसमध्ये (आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारा प्रोग्रॅम) एका मोडने जमलं नाही तर डीडी मोड वापरा. ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ असा संदेश आला तर सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासू सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय, आडवं येतंय. ते तात्पुरतं बंद करता येतं, पण मशीनवर विंडोज आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. नाहीतर लिनक्स राहील बाजूला आणि विंडोजच दार लावून बसेल.

मशीन सरळ विंडोजमध्ये जात असेल तर फर्मवेअर (मशीन सुरू होताच आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) सेटिंगमधला बूटक्रम बघा. कित्येकदा लिनक्सची नोंद तिथे असते, फक्त दुसऱ्या नंबरवर.

मोड जुळतोय का?

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घोळ इथे असतो. जुन्या बायोस, म्हणजेच लेगसी, पद्धतीत बूटलोडरचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बसतो. त्यातही कोडसाठी जागा फक्त ४४६ बाइट, म्हणून ग्रबचा (लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर) उरलेला भाग त्या सेक्टरच्या मागच्या रिकाम्या जागेत जातो. यूईएफआय या नव्या पद्धतीत हा प्रकार नाही. तिथे बूटलोडर ही एक साधी फाइल असते. ती फॅट३२ असलेल्या ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये राहते आणि तिची नोंद फर्मवेअर स्वतःकडे ठेवतं.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी ‘यूईएफआय’ लावून. विंडोज यूईएफआय मोडमध्ये असेल तर दुसराच निवडा. खात्री करायची असेल तर पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लाइव्ह सिस्टिममध्ये ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ ही डिरेक्टरी आहे का बघा. असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. लेगसी मोड आणि जीपीटी (पार्टिशनची यादी ठेवायची नवी पद्धत) डिस्क अशी जोडी असेल तर ग्रबसाठी १ एमबीचं वेगळं बायोस बूट पार्टिशन लागतं, कारण जीपीटीत ती मागची मोकळी जागा मिळत नाही.

एका जुन्या लेगसी मशीनवर मी बूटलोडरची जागा न बघता पुढे गेलो होतो. इन्स्टॉलरने ‘एसडीए’ (लिनक्स डिस्कला देतं ते नाव) सुचवलं होतं, आणि त्या दिवशी एसडीए म्हणजे पेनड्राइव्हच होता. पेनड्राइव्ह लावलेला असेपर्यंत सगळं झकास चाललं, काढल्यावर मशीन मुकं. तेव्हापासून मी नावावर न जाता आकार बघतो. ‘एलएसबीएलके’ कमांड प्रत्येक डिस्कचा आकार दाखवते. १६ जीबीची दिसली तर ती हार्डडिस्क नव्हे.

दुरुस्ती

पेनड्राइव्ह योग्य मोडमध्ये सुरू करा आणि टर्मिनल उघडा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) हे उबुंटू, डेबियन आणि त्यांच्या भावंडांसाठी:

१. ‘एलएसबीएलके’ला ‘-एफ’ जोडून लिनक्सचं मुख्य पार्टिशन आणि फॅटवालं ईएफआय पार्टिशन ओळखा.

२. मुख्य पार्टिशन ‘/एमएनटी’वर आणि ईएफआय पार्टिशन ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर माउंट करा, म्हणजे त्या डिरेक्टरीला जोडा. लेगसी असेल तर दुसरं लागत नाही.

३. ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ या चारही डिरेक्टरी ‘आरबाइंड’ने ‘/एमएनटी’च्या आत जोडा. नुसत्या ‘बाइंड’ने ‘/सिस’च्या आतले ईएफआय व्हेरिएबल येत नाहीत, आणि मग ग्रब नोंद करता येत नाही म्हणून कुरकुरतो.

४. ‘सीएचरूट’ने ‘/एमएनटी’त, म्हणजे डिस्कवरच्या लिनक्समध्ये, आत जा. ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवा, मग ‘अपडेट-ग्रब’. लेगसीमध्ये ग्रब-इन्स्टॉलला अख्ख्या डिस्कचं नाव द्या, पार्टिशनचं नाही, म्हणजे एसडीए, एसडीए१ नव्हे.

फेडोरावर यूईएफआय असेल तर ग्रब-इन्स्टॉलच्या वाटेला जाऊ नका, तिथे शिम (सिक्युअर बूटसाठी सही केलेला छोटा बूटलोडर) आणि ग्रबची पॅकेजेस पुन्हा बसवायची असतात.

एवढं करूनही काही हट्टी फर्मवेअर नवी नोंद मानत नाहीत. अशा वेळी ग्रब-इन्स्टॉलला ‘--रिमूव्हेबल’ जोडा. मग फाइल ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या ठिकाणी जाते. कोणतीच नोंद चालली नाही की फर्मवेअर तिथेच शोधतं.

‘ग्रब रेस्क्यू’ दिसतंय?

मग ग्रब सापडला आहे, त्याला त्याच्या फाइली सापडत नाहीत. ‘एलएस’ टाइप करून दिसणारी पार्टिशन एकेक तपासा. ‘/बूट/ग्रब’ जिथे सापडेल ते ‘सेट’ने ‘रूट’मध्ये आणि पूर्ण वाटेसकट ‘प्रीफिक्स’मध्ये द्या. मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’. मेनू आला की लिनक्समध्ये जाऊन ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा तेच.

मेनूत विंडोज दिसत नसेल तर घाबरू नका. ग्रब २.०६पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ करा आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवा. विंडोजची ओळ मेनूत येते.