अनंत पिवळा पडतोय? या चुका टाळा

अनंताची पानं पिवळी दिसली की लोक आधी पाणी वाढवतात, मग शेणखत घालतात आणि तरी भागलं नाही की अंड्याची टरफलं नाहीतर राख. हे शेवटचं अजिबात करू नका. मी करून बसलोय.

आमच्याकडे बोअरचं पाणी. इतकं जड, की बादलीला आतून पांढरा थर धरतो. दुसऱ्या उन्हाळ्यात अनंताची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी झाली, शिरा मात्र हिरव्यागार. मी गावाकडच्या बंबातली मूठभर राख आणून घातली. पंधरा दिवसांत नवी पानं जवळजवळ पांढरी, कडा करपलेल्या! अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (pH, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप; आकडा चढला की आम्लता कमी) ५ ते ६ च्या आसपास. बोअरच्या क्षारांनी सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. वर मी राख घालून तो आणखी चढवला. टरफलंही तेच करतात, फक्त सावकाश.

शेवटी वरची दोन इंच माती खरवडून फेकली आणि कुंडी सगळा पावसाळा उघड्यावर ठेवली. गणपतीपर्यंत नवी पालवी हिरवी आली. तेव्हापासून महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) घालतो. फरशीवर सांडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

खालची जुनी पानं अधूनमधून पिवळी होऊन गळतात, त्याला औषध नको.

दुसरी चूक उतावळ्यांची. नर्सरीतून कळ्यांनी लगडलेलं झाड आणायचं, त्याच संध्याकाळी मोठ्या कुंडीत हलवायचं आणि आठवड्याने 'कळ्या गळाल्या हो' म्हणून फोन. अहो, गळणारच! बहर संपेपर्यंत आहे त्या पिशवीत, एका जागी राहू द्या. रोज कुंडी फिरवणाऱ्यांनाही हेच सांगणं.

छाटणी बहर ओसरल्यावर लगेच. उशिरा कात्री लावलीत तर पुढच्या कळ्याच कापाल. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) शोधा. विदर्भात मे महिन्यात दुपारची सावली हवीच.

आणि फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर होतं, तो रोग नव्हे. पांढरं हवं तर उमललं त्याच सकाळी तोडा, तेही देठाला धरून. पाकळी दाबली गेली की तिथे तपकिरी डाग उठतो.